झाँ देल्व्हिल आणि थिऑसॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाँ देल्व्हिल कोण होते?

बेल्जियमचे प्रतीकवादी चित्रकार, कवी, लेखक आणि शिक्षक. जन्म १९ जानेवारी १८६७, लुव्हेन. मृत्यू १९ जानेवारी १९५३, म्हणजे बरोबर ८६व्या वाढदिवशी. शिक्षण ब्रसेल्सच्या कला अकादमीत झाले. १८९२ मध्ये त्यांनी 'पूर लार' हा कलाकारांचा गट उभा केला. १८९५ मध्ये बेल्जियमचे 'प्री द रोम' हे पारितोषिक मिळाले आणि त्यामुळे इटलीत राहून काम करता आले. १८९६ ते १८९८ या काळात त्यांनी ब्रसेल्समध्ये आदर्शवादी कलेची तीन वार्षिक प्रदर्शने भरवली. १९०० ते १९०६ ते ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते, तर १९०७ ते १९३७ ब्रसेल्सच्या अकादमीत.

कलेच्या इतिहासात त्यांचे नाव बरीच वर्षे बाजूला पडले होते. त्यांचे समकालीन क्नॉप्फ आणि एन्सॉर जास्त ओळखीचे आहेत. तरी गूढविद्येवरची श्रद्धा थेट चित्राच्या बांधणीत कशी उतरते हे पाहायचे असेल, तर देल्व्हिल यांच्याइतके स्पष्ट उदाहरण त्या पिढीत सापडणे कठीण.

त्यांची सगळी चित्रे 'थिऑसॉफीची' म्हणावीत का?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे उत्तर थोडे लांब आहे.

देल्व्हिल थिऑसॉफिकल सोसायटीत, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान मानणाऱ्या गूढवादी संस्थेत, आले ते १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांची आज सर्वाधिक छापली जाणारी चित्रे मात्र त्याआधीची आहेत: 'श्रीमती स्टुअर्ट मेरिल' १८९२, 'मृत ऑर्फियस' १८९३, 'सैतानाचा खजिना' १८९५. या चित्रांमागचा विचार प्रामुख्याने फ्रेंच गूढविद्येचा आहे आणि त्यात तीन माणसे महत्त्वाची. पहिला गूढविद्येचा लेखक एलिफास लेव्ही. 'अ‍ॅस्ट्रल प्रकाश' ही कल्पना, म्हणजे जड जगाला वेढून असलेले आणि विचार-वासनांचे ठसे धरून ठेवणारे सूक्ष्म माध्यम, देल्व्हिल यांच्याकडे बरीचशी त्याच्याकडून आली. दुसरा जोसेफाँ पेलादाँ. त्याने १८९२ ते १८९७ या काळात पॅरिसमध्ये 'रोज-क्रुआ'ची सहा प्रदर्शने भरवली आणि त्यांपैकी पहिल्या चारांत देल्व्हिल यांची चित्रे होती. तिसरा एदुआर शुरे. त्याच्या १८८९ च्या ग्रंथात राम, कृष्ण, हर्मीस, मोझेस, ऑर्फियस, पायथागोरस, प्लेटो आणि येशू या आठ 'महान दीक्षितां'ची, म्हणजे गूढ ज्ञानाची दीक्षा मिळालेल्यांची, एकच परंपरा मांडली आहे. देल्व्हिल यांनी ऑर्फियस आणि प्लेटो का रंगवले, याचे उत्तर या यादीत बरेचसे मिळते.

पक्क्या अर्थाने थिऑसॉफीचा काळ १९०० नंतरचा. 'आत्म्यांचे प्रेम' (१९००), 'देव-मानव' (१९०३) आणि 'प्रोमिथियस' (१९०७) ही त्यातली मोठी कामे. १९१० च्या सुमारास ते बेल्जियममधल्या थिऑसॉफिकल चळवळीचे सचिव झाले.

म्हणून कुठल्याही चित्राचा अर्थ लावण्याआधी त्याचे साल पाहावे. १८९२ च्या चित्रावर १९०२ च्या थिऑसॉफीच्या पुस्तकातला अर्थ लादला की वाचन तिथेच चुकते, आणि लोकप्रिय लेखांत हे सतत घडते.

थिऑसॉफी म्हणजे थोडक्यात काय? भारताशी तिचा संबंध काय?

सोसायटीची स्थापना १८७५ मध्ये न्यूयॉर्कला झाली. तिचे संस्थापक हेलेना ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, आणि 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतूनच सुरू झाले. डिसेंबर १८८२ मध्ये मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेले. ब्रसेल्समधल्या चित्रकाराच्या हाती जे विचार पडले, त्यांचा काही भाग आधी गिरगावातून छापखान्यात गेला होता.

शिकवणीचा गाभा असा: सर्व धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे, विश्व आणि माणूस यांचे सात स्तर आहेत, आत्मा अनेक जन्मांतून वर चढत जातो. माणसाच्या सात तत्त्वांसाठी ब्लाव्हात्स्कींनी स्थूल शरीर, लिंग शरीर, प्राण, काम, मनस, बुद्धी, आत्मा अशी नावे घेतली. मराठी वाचकाला ही ओळखीची वाटतात आणि इथेच सावध राहायला हवे. वेदान्तातले किंवा सांख्यातले अर्थ जसेच्या तसे देल्व्हिल यांच्या चित्रावर ठेवू नयेत. त्यांच्यापर्यंत हे विचार फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तकांतून, ख्रिस्ती आणि कबालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, कल्पनांत मिसळून पोचले होते.

'श्रीमती स्टुअर्ट मेरिल' या चित्रात नेमके काय पाहावे?

हे छोटे काम आहे, साधारण ४० × ३२ सेंटीमीटर, कागदावर, रंगीत पेन्सिलीच्या जातीच्या कोरड्या माध्यमातले. पुस्तकांत ते पूर्ण पानभर छापलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षात एवढे लहान आहे हे पाहून लोक चकित होतात. स्टुअर्ट मेरिल हा फ्रेंचमध्ये लिहिणारा अमेरिकन प्रतीकवादी कवी होता. चित्र त्याच्या पत्नीचे आहे.

क्रमाने पाहा. आधी डोळे: बुबुळे इतकी वर गेली आहेत की पांढरा भाग जास्त दिसतो. ही समाधीसारखी अवस्था आहे. मग केस: नारिंगी-तांबूस केस कुठे संपतात आणि भोवतीचे तेज कुठे सुरू होते, ती सीमा मुद्दाम पुसली आहे. शेवटी हनुवटीखालचे पुस्तक आणि त्यावरचा वर टोक असलेला त्रिकोण. हा त्रिकोण गूढविद्येने मिळणाऱ्या पूर्ण ज्ञानाची खूण आहे. बहुतेक लोक त्रिकोणापासून सुरुवात करतात. तो सोडवला की चित्र सुटले असे वाटते आणि डोळ्यांकडे व केसांकडे दुर्लक्ष होते. चित्राची खरी ताकद मात्र तिथेच आहे.

'मृत ऑर्फियस' निळा-हिरवाच का आहे?

कथा अशी: उन्मत्त स्त्रियांनी ऑर्फियसचे तुकडे केले, त्याचे डोके आणि लायर हे तंतुवाद्य नदीतून समुद्रात वाहत लेस्बॉस बेटाकडे गेले. देल्व्हिल यांनी डोके लायरवरच ठेवले आहे, दोन्ही एकजीव झाल्यासारखे. रक्त नाही, जखम नाही. पाण्यावर ताऱ्यांचे प्रकाश विखुरले आहेत, खाली शिंपले आहेत. जवळजवळ एकाच रंगकुळात काम केल्यामुळे पाणी आणि आकाश यांतला फरक गळून पडतो आणि डोके कुठल्याच ठरावीक जागी नसल्यासारखे तरंगते. देहाचा अंत झाला तरी गाणे चालूच आहे हा अर्थ रंगयोजनेतून येतो. चेहऱ्यासाठी पत्नी मारी हिचा आधार घेतला होता असे सांगितले जाते, आणि चेहरा स्त्री-पुरुष दोन्ही वाटतो हे मात्र उघड दिसते.

'सैतानाचा खजिना' हे नरकाचे चित्र आहे का?

नेहमीच्या अर्थाने नाही. ज्वाळा नाहीत, छळ नाही, कुणी किंचाळत नाही. समुद्रतळासारख्या जागेत नग्न देह एकमेकांत गुंतून, झोपेत असल्यासारखे पडले आहेत. आजूबाजूला पोवळी आणि मौल्यवान वस्तू आहेत. त्यांच्यावरून सैतान जवळजवळ नाचत पाऊल टाकतो आहे, पंखांच्या जागी ऑक्टोपसच्या भुजांसारख्या लालभडक वेटोळ्या. कॅनव्हास सुमारे २५८ × २६८ सेंटीमीटर, म्हणजे देह जवळजवळ खऱ्या मापाचे.

अर्थ असा की हे देहच सैतानाचा खजिना आहेत. सुखाच्या गुंगीत अडकलेला माणूस वर चढत नाही, हीच त्याची शिक्षा. सूक्ष्म जगाचा खालचा, वासनेचा थर असे याचे वाचन केले जाते आणि देल्व्हिल यांच्या त्याच काळातल्या लेखनाशी ते जुळते. चित्र मोहक आहे म्हणून काहींना चित्रकार सैतानाच्या बाजूचा वाटतो. पण चित्र मोहक नसते तर मोहाचा धोका दाखवताच आला नसता.

'प्लेटोची शाळा' मधले तरुण असे स्त्रीसारखे का दिसतात?

१८९८ चे हे चित्र सहा मीटरहून रुंद आहे. मध्ये शुभ्र वस्त्रातला प्लेटो, दोन्ही बाजूंना मिळून बारा शिष्य, वर फुललेली वेल, आणि मोर. बारा हा आकडा आणि मधल्या पुरुषाची ठेवण पाहून येशू आणि त्याचे शिष्य आठवावेत अशीच मांडणी आहे. प्लेटो आणि येशू एकाच परंपरेतले, हे शुरेचे म्हणणे इथे रंगात आले आहे.

शिष्यांचे देह उभयलिंगी आदर्शाचे आहेत. पेलादाँच्या वर्तुळात परिपूर्ण माणूस म्हणजे स्त्री-पुरुष हा भेद ओलांडलेला माणूस असे मानत. त्यामुळे या देहांत कामुकता शोधण्यापेक्षा बाह्यरेषा पाहावी: सलग, संथ, कुठेही स्नायूंचा ताण न दाखवणारी. रंगही फिकट आणि झिलईविना, भित्तिचित्रासारखे. त्यामागे इटलीतला मुक्काम आहे आणि प्युव्हि द शाव्हान या फ्रेंच चित्रकाराचा प्रभावही.

देल्व्हिल कलेत तीन सौंदर्ये मागत: कल्पनेचे, आकाराचे आणि तंत्राचे. एकही कमी पडले तर काम अपुरे. १९०० मध्ये आलेल्या त्यांच्या 'कलेचे कार्य' या पुस्तकाला शुरेची प्रस्तावना आहे आणि त्याचा गाभा हाच आहे. श्रद्धा आहे पण रेखाटन कच्चे आहे, असे चित्र त्यांना मान्य नव्हते. आध्यात्मिक चित्रकलेत आजही हा निकष लावायला हवा.

लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे बुद्धी असा तक्ता लावता येतो का?

थिऑसॉफीचे लेखक लेडबीटर यांच्या १९०२ च्या पुस्तकात माणसाच्या तेजोवलयाच्या रंगांचे अर्थ दिले आहेत: पिवळा बुद्धीचा, निळा भक्तीचा, गुलाबी स्नेहाचा, भडक लाल रागाचा. १९०२ नंतरच्या चित्रांसमोर हा तक्ता जवळ ठेवायला हरकत नाही, पण किल्ली म्हणून नव्हे. देल्व्हिल अकादमीत घडलेले चित्रकार होते. निळ्याच्या शेजारी नारिंगी ठेवला की दोन्ही पेटतात हे त्यांना कुठल्याही वलयाशिवाय माहीत होते. आधी रंग चित्रात कोणते काम करतो ते पाहावे, मग अर्थाकडे जावे.

'प्रोमिथियस' आणि स्क्रिआबिन यांचा काय संबंध?

ग्रीक कथेत प्रोमिथियस देवांकडून अग्नी चोरतो. १९०७ च्या सुमारे पाच मीटर उंच चित्रात देल्व्हिल यांनी त्याच्या हाती अग्नीऐवजी पंचकोनी तारा दिला आहे. ब्लाव्हात्स्कींच्या मांडणीत प्रोमिथियस माणसाला मनस, म्हणजे जाणणारे मन देतो. चित्र तिथूनच आले आहे. ते आता ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठात आहे.

रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रिआबिन त्या काळात ब्रसेल्समध्ये राहत होता, तोही थिऑसॉफीने भारलेला. त्याच्या 'प्रोमिथियस: अग्निकाव्य' या रचनेच्या १९११ च्या स्वरलिपीचे मुखपृष्ठ देल्व्हिल यांनी केले. रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिलेली आहे. रचना ऐकत मुखपृष्ठ पाहावे, दोघांची भाषा एक असल्याचे जाणवते.

एवढी श्रद्धा असूनही ते अमूर्त चित्रांकडे का वळले नाहीत?

हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासून, मोंद्रियान आणि कँडिन्स्की त्यानंतर थोड्याच वर्षांत अमूर्ताकडे गेले. तिघांवरही थिऑसॉफीची छाया होती. मोंद्रियान तर १९०९ मध्ये सोसायटीचा सभासद झाला. आत्मा अदृश्य आहे, म्हणून दृश्य आकार सोडावा, असा त्यांचा रोख. देल्व्हिल यांचा विचार उलट दिशेचा: आत्मा शरीरातूनच प्रकट होतो, म्हणून मानवदेह जितका शुद्ध रेखाटावा तितका आत्मा स्पष्ट. एकाच शिकवणीतून दोन टोकांची चित्रे निघाली. देल्व्हिल यांना जुनाट ठरवून बाजूला सारणाऱ्यांनी हा फरक विचारात घ्यावा.

निळ्या खोलीची हकिकत खरी आहे का?

हो. ब्रसेल्सच्या फॉरे या उपनगरातल्या घराला त्यांनी १९१० मध्ये मनोरा जोडला. सर्वांत वरची ध्यानाची खोली जमिनीसकट पूर्ण निळी रंगवली आणि छताच्या शिखरावर सोसायटीचे बोधचिन्ह बसवले. त्या चिन्हात शेपूट गिळणारा साप, एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण, स्वस्तिक आणि वर ॐ आहे. ब्रीदवाक्य 'सत्यान्नास्ति परो धर्मः'. पुढे ते जे. कृष्णमूर्तींचे उघड समर्थक होते. कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये आपल्याभोवती उभारलेला 'ऑर्डर ऑफ द स्टार' हा संघ स्वतःच विसर्जित केला.

इतकी प्रचंड चित्रे कशासाठी?

कला दिवाणखान्यात नको, सार्वजनिक जागी हवी, समाजाला वर नेण्यासाठी हवी, ही त्यांची ठाम भूमिका. ब्रसेल्सच्या न्यायमंदिरासाठी त्यांनी न्यायाच्या इतिहासावरची मालिका केली. मधले चित्र सुमारे ११ × ४.५ मीटर होते. सप्टेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इमारत पेटवली आणि मूळ चित्रे जळाली. आज तिथे दिसतात ती लहान आवृत्त्या आहेत. छायाचित्रांत मापे जुळत नाहीत असे वाटले तर कारण हे.

१९२० मध्ये त्यांनी भव्य कलेसाठी कलाकारांची संस्था काढली. सँकाँतनेर उद्यानातल्या कमानीच्या अर्धवर्तुळाकार स्तंभरांगेत सहा कलाकारांची मोझेक आहेत, त्यांत देल्व्हिल एक. ती उघड्यावर आहेत आणि पाहायला तिकीट लागत नाही.

त्यांच्यासारखा मॅट परिणाम विद्यार्थ्याला कसा साधता येईल?

'आत्म्यांचे प्रेम' टेम्पेरात केले आहे, म्हणजे तेलाऐवजी अंड्याच्या बलकासारख्या पाण्यात मिसळणाऱ्या बंधकातल्या रंगात. खालील कृती अंड्याच्या टेम्पेराची सर्वसाधारण पद्धत आहे. देल्व्हिल यांची खासगी कृती समजू नये.

पाट: ६ ते ९ मिलिमीटरचा प्लायवुड किंवा एमडीएफ. १ भाग प्राणिज सरस १० भाग पाण्यात रात्रभर भिजवा, भांड्यात-भांडे ठेवून गरम करा. उकळू देऊ नका, सरसाची पकड जाते. दुसऱ्या दिवशी त्यात चाळलेली खडूची भुकटी पातळ सायीसारखी होईपर्यंत मिसळा. असे ६ ते ८ पातळ हात द्या आणि सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा. बाजारातला अ‍ॅक्रिलिक जेसो (तयार पांढरे अस्तर) कमी शोषतो. त्यावर रंग घसरतो आणि पुढे पापुद्रे निघतात.

बलक: पांढऱ्यापासून वेगळा करून टिशूवर हलके लोळवा, दोन बोटांत पकडून खालून टोचा, आतला बलक वाटीत घ्या आणि पातळ पडदा टाकून द्या. बलकाइतकेच पाणी घाला. रंगद्रव्य पाण्यात घोटून टूथपेस्टएवढे घट्ट करा आणि तेवढ्याच मापाने बलक-पाणी मिसळा. कोरडे रंगद्रव्य हाताळताना मास्क हवाच. कॅडमियम आणि शिशाची द्रव्ये विद्यार्थ्यांनी टाळावीत.

चाचणी: काचेवर एक पट्टा मारून सुकवा, पात्याने खरवडा. सलग पापुद्रा निघाला तर प्रमाण बरोबर. भुकटी पडली तर बलक कमी आहे; चकचकीत आणि चिकट राहिला तर जास्त.

रंग काही क्षणांतच सुकतो, त्यामुळे ओल्यात मिसळण्याचा हट्ट धरू नका. बारीक समांतर रेघांचे थर द्या. ताणलेल्या कॅनव्हासवर हा रंग तडकतो, कारण कापड हलते आणि थर कडक असतो. कोकणात पावसाळ्यात कामावर बुरशी धरते, म्हणून ते भिंतीला टेकवून न ठेवता हवेशीर ठेवा.

मूळ चित्रे कुठे पाहायला मिळतील?

ब्रसेल्सच्या शाही ललित कला संग्रहालयात 'मृत ऑर्फियस', 'सैतानाचा खजिना' आणि 'श्रीमती स्टुअर्ट मेरिल' आहेत. शेवटचे कागदावरचे असल्याने ते कायम टांगलेले असेलच असे नाही. अशी कामे साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात, मर्यादित काळ दाखवतात. जाण्यापूर्वी संग्रहालयाला ईमेल करून विचारावे. 'प्लेटोची शाळा' पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात, 'देव-मानव' ब्रुजच्या ग्रुनिंग संग्रहालयात. ब्रसेल्स आणि पॅरिसची ही संग्रहालये सोमवारी बंद; ब्रुजचा सुटीचा वार आधी पाहून घ्यावा. 'आत्म्यांचे प्रेम' ब्रसेल्सच्या इक्सेल संग्रहालयाचे आहे. ते २०१८ पासून नूतनीकरणासाठी बंद झाले होते, म्हणून सद्यस्थिती पाहूनच बेत करावा.

मोठ्या चित्रासमोर आधी आठ-दहा मीटरवर उभे राहा आणि प्रकाश कुठून येतो ते शोधा. नंतर जवळ जाऊन बाह्यरेषा पाहा. भिंतीवरची माहितीपाटी सर्वांत शेवटी वाचा.

त्यांची चित्रे छापायला परवानगी लागते का?

भारतात कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. देल्व्हिल यांच्याबाबत तो २०१३ अखेर संपला. युरोपीय संघात ही मुदत ७० वर्षांची, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून तिथेही त्यांची चित्रे मुक्त आहेत. संग्रहालयाकडून मोठी फाइल घेताना ती पुरवण्याचे शुल्क आणि अटी मात्र वेगळ्या असू शकतात.

छपाईत निळा-हिरवा सर्वांत आधी बिघडतो. चार रंगांच्या छपाईत 'ऑर्फियस'चा खोल निळसर हिरवा काळपट होतो, आणि तो उजळवायला गेले की ताऱ्यांचे प्रकाश पांढरे फटक पडतात. आधी एका पानाचा रंगीत प्रूफ काढा, चमकदार कागदाऐवजी मॅट आर्ट पेपर घ्या आणि चित्राच्या कडा कापू नका. देल्व्हिल यांच्या मांडणीत प्रकाश बऱ्याचदा वरच्या कडेजवळ असतो, आणि पानात बसवताना नेमकी तीच कडा छाटली जाते.